अडुसष्टपर्यंतची सोय

आमच्या बाबूजींनी आपल्या म्हातारपणाचा पक्का बंदोबस्त केला होता. फक्त तो अडुसष्टाव्या वर्षापर्यंतचा होता. एकोणसत्तरावं लागलं तेव्हा ते धडधाकट होते आणि त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. हे ऐकून लोक हसतात. मीही काही वर्षं हसायचो, चारचौघांत सांगायचोसुद्धा. आता सांगत नाही.

बाबूजी गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये मुनीम होते. छत्तीस वर्षं. कामठ्याहून रोज सायकलने जायचे, पुढे गुडघे कुरकुरायला लागल्यावर एसटीने. मिलचे मालक हिंदी बोलायचे, हमाल छत्तीसगढी बोलायचे, आणि बाबूजी दोघांशीही धानाच्या पोत्यांपुरतंच बोलायचे. घरीही त्यांचं बोलणं तेवढंच. माणूस कडक नव्हता, पण कोणाचं ऐकणाराही नव्हता. एखादी गोष्ट त्यांनी कागदावर मांडून पाहिली की ती त्यांच्यापुरती ठरली. मग देव आला तरी त्यांना हलवू शकत नसे, आणि माय तर रोजच यायची.

१९९९ च्या जूनअखेरीस त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. मिलमधून फंडाची रक्कम आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात येणार होती. महिन्याची पेन्शन होती, पण तिच्यात चहा-साखर निघाली असती, फार तर. कामठ्याला तीन एकर धानाचं शेत होतं. एवढ्यावर त्यांना आणि मायला उरलेलं आयुष्य काढायचं होतं.

आणि ते माझ्याकडे हात न पसरता काढायचं होतं. ही त्यांची अट होती. ती कुठून आली हे मला ठाऊक आहे. माझे आजोबा शेवटी शेवटी सकाळी ओसरीत बसून बाबूजींची वाट पाहायचे आणि ते सायकल काढायला लागले की तंबाखूसाठी पैसे मागायचे. बाबूजी द्यायचे. पण देताना काहीतरी बोलायचे. "काल तर देल्ले होते," एवढंच, पण ते रोज बोलायचे. आजोबा पैसे मुठीत धरून खाली मान घालायचे. मी तेव्हा दुसरीत असेन, तरी ती मान मला आठवते. बाबूजींना माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. त्यांचं सगळं म्हातारपण त्या खाली घातलेल्या मानेपासून लांब राहण्यात गेलं.

त्यामुळे निवृत्त व्हायच्या आधी त्यांना एकच गोष्ट नक्की करायची होती, ती म्हणजे पैसे किती वर्षं पुरवायचे. दुसरा कोणी असता तर त्याने देवावर सोडलं असतं. बाबूजी मुनीम होते. त्यांनी भाटाची वाट पाहिली.

आम्ही पोवार. आमचे वाडवडील माळव्यातून इकडे आले असं सांगतात, आणि कोणाचा बाप कोण, आजा कोण, हे सगळं भाटाच्या पोथीत लिहिलेलं असतं. हा भाट दर काही वर्षांनी, धान निघाल्यावर, लांबून गावात येतो. घरोघर खाटेवर बसतो, लाल कापडात गुंडाळलेली लांबट पोथी सोडतो आणि पिढ्या वाचून दाखवतो. नवी जन्मलेली पोरं तिच्यात लिहून घेतो. मग त्याला धान, धोतर, वर दक्षिणा. त्या हिवाळ्यात तो आला. बाकीचे लोक कौतुकाने ऐकत होते आणि बाबूजी वही-पेन्सिल घेऊन पोथीतल्या पुरुषांची नावं उतरवून घेत होते. पणजोबापर्यंत उतरवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ये सब कितने-कितने साल जिये?"

भाट म्हणाला, "पटेलजी, हम उमर नहीं लिखते, नाम लिखते हैं. उमर का क्या है, वो तो निकल जाती है."

बाबूजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते गावातल्या आणि नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसू लागले. त्यांनी प्रत्येक नावापुढे वय मिळवलं. कसं मिळवलं हे मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो म्हणून सांगू शकतो. एक आजी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "तुया आजा? तो काठी घेऊन चालत होता. पासष्ट पकड." दुसऱ्या एकाने आजोबांबद्दल सांगितलं, "तुये बाबूजी गेले तवा दात नव्हते तोंडात. बासष्ट असन." बाबूजींनी लिहून घेतलं, बासष्ट. आपल्या बापाचं वय आपल्याला माहीत नाही याचं त्यांना काही वाटलं नाही. त्या काळी कोणालाच माहीत नसायचं. कामठ्यातले लोक दातावरून बैलाचं वय सांगायचे, तसंच हेही.

सात पुरुष भरले. त्यात सगळ्यात जास्त जगलेला सहासष्ट. बाबूजींनी वरून दोन वर्षं घातली. मिलमध्ये माल मोजताना थोडी सूट धरतात तशी. अडुसष्ट.

मायने त्या दिवशी जेवताना विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं का तुमी अडुसष्टले मरान म्हणून?"

"आपल्या घरात कोनी त्याच्यावर गेलाच नाही."

"अन् गेला तं?"

"नाही जात," बाबूजी म्हणाले आणि ताटात भात वाढून घेतला.

मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो. पोरगी चार वर्षांची होती आणि गोंदियात मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान टाकायच्या खटपटीत होतो. मला हा सगळा प्रकार गमतीचा वाटला. खरं सांगायचं तर सोयीचाही वाटला. कारण बाबूजींनी पुढचा निर्णय असा सांगितला की शेत आत्ताच माझ्या नावावर करून टाकायचं. ते म्हणाले, आपल्यामागे फेरफार करायला पोराला तलाठ्याच्या मागे कायले फिरवायचं? फंडाचे पैसे दहा वर्षांना पुरतात, शेताची आपल्याला गरज नाही. माय म्हणाली, सगळं देऊन मोकळे होऊ नका, एखादा एकर तरी हाताशी राहू द्या. तिच्या बोलण्यावर मी गप्प बसलो. एक शब्द बोललो असतो तरी तो एकर राहिला असता असं मला आता वाटतं.

मग बाबूजी बँकेत गेले आणि त्यांनी मुदत ठेवीच्या दहा पावत्या केल्या. एक एका वर्षाची, एक दोन वर्षांची, अशा चढत चढत शेवटची दहा वर्षांची. प्रत्येक पावती जुलैत, रोवण्याच्या सुमाराला, मोकळी होणार. आणि मुनीम होते म्हणून व्याजाचा उलटा हिशेब करून त्यांनी अशा रकमा टाकल्या की दरवर्षी हातात सारखेच पैसे यावेत. बँकेतला पोरगा म्हणाला, "काका, दहा वर्षांच्या वर नाही होत." बाबूजी म्हणाले, "दहाच पायजेत." घरी येऊन त्यांनी हे मला दोनदा सांगितलं. बँकेचीही हद्द दहाच आहे, याचा त्यांना आनंद झाला होता. आपला हिशेब सरकारी शिक्का लागून परत आल्यासारखे ते दिवसभर खुशीत होते.

पहिली चार-पाच वर्षं चांगली गेली. खरोखरच चांगली गेली, हे मला इथे नोंदवलं पाहिजे, कारण पुढचं सगळं वाईटच आहे. जुलै आला की बाबूजी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचे, येताना गोंदियाच्या बाजारातून मायला साडी, नातीला काहीतरी, आणि माझ्या हातात मुद्दाम थोडे पैसे ठेवायचे. "दुकानात टाक," म्हणायचे. मला गरज असायची, मी घ्यायचो. दुपारी चौकात बसून दोन-चार म्हाताऱ्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजायचे. त्यातले काही जण पोरांच्या जिवावर जगत होते. त्यांच्यासमोर चहाचे पैसे देताना बाबूजींचा चेहरा पाहण्यासारखा असायचा.

२००४ मध्ये मी कामठ्याचं शेत विकलं. दुकान बरं चाललं होतं, पण रोज येणं-जाणं होत नव्हतं, पोरीची शाळा गोंदियात. गोंदियाला लागूनच कुडव्याला प्लॉट घेतला आणि त्यावर तीन खोल्या बांधल्या. बाबूजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुयं आहे, तू पाह्य." आणि आम्ही सगळेच कुडव्याला आलो. बाबूजी-माय पुढच्या खोलीत राहायला लागले. घरावर बापाचं नाव लावायचं मला सुचलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही. अडुसष्टला पाचच वर्षं उरली होती, त्यांच्या दृष्टीने त्यात अर्थ नव्हता.

त्यांच्या हिशेबात आणखी एक गोष्ट सुटली होती. दरवर्षी सारखेच पैसे हातात येत होते आणि बाजारात काहीच सारखं राहत नव्हतं. छत्तीस वर्षं धानाचे भाव चढताना पाहिलेल्या माणसाला आपलं घर चालवताना भाव चढतील हे कसं सुचलं नाही, मला कळत नाही. पहिल्या पावतीचे पैसे वर्ष संपूनही उरले होते. सातवीचे होळीपर्यंत पुरले. नववीचे दिवाळीतच संपले. बाबूजींचा चौकातला चहा बंद झाला एवढंच. कुडव्यातले म्हातारे अनोळखी आहेत, त्यांच्यात जमत नाही, असं कारण त्यांनी सांगितलं.

शेवटची पावती २००९ च्या जुलैत मोकळी झाली. त्या वर्षभरात बाबूजींनी आवराआवर केली. आपली सायकल एका ओळखीच्याला देऊन टाकली. जुने मिलचे कागद जाळले. मायला सांगितलं की यावर्षी माझ्यासाठी स्वेटर-मफलर काही आणू नको. मला बोलावून आपल्यामागे तेरवी साधी करायची, कर्ज काढायचं नाही, असं बजावलं. आजारी वगैरे काही नव्हते. साठीनंतर डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी चालू केली होती, ती रोज सकाळी घ्यायचे आणि दोन-तीन मैल चालून यायचे. माय चिडायची. "धडाचा माणूस मराची तयारी करून राहिला," म्हणायची, आणि पदराने डोळे पुसायची. मी हसून सोडून द्यायचो.

आणि मग पुढच्या जूनमध्ये ते एकोणसत्तराचे झाले. सकाळी फिरून आले, चप्पल काढली, पाणी प्यायले आणि खाटेवर बसून राहिले. सगळ्यांचा निरोप घेऊन निघालेल्या पाहुण्याची एसटी चुकावी आणि त्याने परत दारात यावं, तसे ते त्या दिवशी घरात वावरत होते. मी गमतीने म्हणालो, "बाबूजी, पोथी चुकली वाटते." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही पैसे मागितले नाहीत. हे मी अभिमानाने सांगत नाही. मिलची पेन्शन ते जशीच्या तशी मायच्या हातात द्यायचे आणि मग घरात काही मागायचा आपल्याला हक्क नाही असे वागायचे. दुसऱ्यांदा भाजी घ्यायचे नाहीत. चप्पल तीनदा शिवून घेतली. पेपर बंद केला, डोळ्यांना दिसत नाही म्हणाले, आणि ते खरंही होतं, मोतीबिंदू पिकत आला होता. मला हे सगळं दिसत होतं. मी त्यांच्या खिशात चार नोटा ठेवू शकलो असतो. पण मी स्वतःला सांगायचो की त्यांना अपमान वाटेल. ते खोटं होतं. दुकानासमोर मोठी दुकानं आली होती, माझा हात आखडला होता, आणि न मागणारा बाप मला परवडत होता. एवढंच त्याचं खरं कारण.

२०१२ च्या उन्हाळ्यात माझ्या पोरीच्या कॉलेज प्रवेशासाठी जात पडताळणी करायची वेळ आली. आमच्याकडे ज्यांनी हे केलं आहे त्यांना सांगायला नको. घराण्याचे जुन्यात जुने कागद लागतात. शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे, आणि जन्म-मृत्यूची नोंद असलेली जुनी कोतवाल पंजी. मी तहसीलच्या चकरा मारल्या, रेकॉर्ड रूममधल्या बाबूला चहा पाजला, आणि शेवटी आजोबांच्या जन्माच्या नोंदीची नक्कल मिळाली. कामठा, जात पोवार, मुलगा झाला. पणजोबांचं नाव, तारीख, सगळं स्वच्छ. प्रवेशाचं काम झालं म्हणून मी खूश होऊन एसटी स्टँडवर उसाचा रस घेत उभा होतो. सहज तारीख पाहिली आणि बोटांवर मोजलं. आजोबा गेले ते वर्ष मला पक्कं माहीत होतं, मी दुसरीत होतो. मी पुन्हा मोजलं. माझे आजोबा एक्क्याऐंशीव्या वर्षी गेले होते.

बासष्ट नव्हे. एक्क्याऐंशी. दात नव्हते म्हणून कोणीतरी बासष्ट म्हटलं आणि त्यावर माझ्या बापाने आपलं आयुष्य बेतलं. बाकीच्या सहा जणांचंही तसंच असणार.

मी ठरवलं होतं की बाबूजींना सांगायचं नाही. महिनाभर सांगितलंही नाही. पण त्या पावसाळ्यात ते अंगणात दगडाला ठेचकाळून पडले, कपाळाला खोक पडली, आणि डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू काढा, नाहीतर पुढच्या वेळी हाड मोडेल. बाबूजींनी घरी येऊन नेहमीचं सुरू केलं. "मले आता कायले? किती दिवस राहिले? पैसे फुकट जातीन."

माझं डोकं फिरलं. ओल्या कपड्यांनी, दुकान बंद ठेवून, मी त्यांना तीन तास दवाखान्यात घेऊन बसलो होतो. मी कपाटातून ती नक्कल काढली आणि त्यांच्यासमोर आपटली.

"हे पाहा. तुमचे बाबूजी एक्क्याऐंशी वर्षं जगले. तुमी कुठं जाऊन नाही राहिले आत्ताच. अजून दहा वर्षं आहेत तुमची. दहा वर्षं आंधळे बसता का घरात?"

मला वाटलं होतं ते ऑपरेशनला तयार होतील. मला खरंच ते बरे व्हायला हवे होते, रागात बोललो तरी. त्यांना कागद वाचता येत नव्हता. त्यांनी मला वाचायला लावला. एकदा वाचला, मग तारीख पुन्हा विचारली. तोंडातल्या तोंडात काही मोजलं. मुनीमच ते, माझ्याआधी त्यांचं उत्तर आलं असणार. त्यांचा चेहरा असा उतरला की मी घाबरलो. डॉक्टरने कोणाला दोनच महिने राहिलेत असं सांगावं तसा तो चेहरा होता, आणि मी त्यांना दहा वर्षं सांगितली होती.

"मंग तं लय झाले," ते म्हणाले.

बस, एवढंच. ऑपरेशनचं "पाहू" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मायने मला बाहेर बोलावून विचारलं, "काऊन सांगतलं रे तू?"

दर महिन्याला मी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायचो. त्या महिन्यात बाबूजी म्हणाले, "आहेत अजून, नको आणू." त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाले, "पंधरा दिवसानं आण." मी विचारलं नाही की आहेत कशा. गोळ्या रोज एक असतात, महिन्याला तीस लागतात, हा काही अवघड हिशेब नाही. मला तेव्हा काय वाटलं ते लिहितो. बरं वाटलं. या महिन्यात एक खर्च कमी, असं वाटलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी सकाळी ते फिरायला निघाले आणि दारातच बसले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकाच वेळी गेली. गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या वेळेवर घेत होते ना? मी हो म्हणालो. मला तसंच वाटून घ्यायचं होतं. घरी आल्यावर मायने उशीखालून डबी काढून दाखवली. तिच्यात ब्लेडने अर्ध्या केलेल्या गोळ्या होत्या. त्याही रोजच्या नव्हत्या, एक दिवसाआड घ्यायच्या होत्या. मायला दिवाळीची साफसफाई करताना ती सापडली होती आणि तिने त्यांना विचारलंही होतं. ते तिला म्हणाले होते, "दहा साल पुरवाच्या आहेत. पोरगा कुठवर आणन?"

त्या गोळ्यांना महिन्याला जे लागायचं त्यापेक्षा जास्त पैशांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा मी आठवड्यात खात होतो.

बाबूजी त्यानंतर चौदा महिने खाटेवर होते. ज्या गोष्टीपासून लांब राहण्यासाठी त्यांनी सगळं केलं होतं, ती आता सगळीच्या सगळी त्यांच्या अंगावर आली. औषधं, डॉक्टरची फी, मालिश करणारा, सगळे पैसे माझ्या खिशातून जाताना त्यांना दिसायचे. मी नोटा मोजायला लागलो की ते डोळे मिटून घ्यायचे, किंवा मान वळवता येईल तेवढी भिंतीकडे वळवायचे. मी बाहेर जाऊन पैसे द्यायला लागलो. मग तो मालिशवाला दारातून ओरडायचा, "भैया, हिसाब कर दो," आणि आतून बाबूजींच्या घशातून एक आवाज यायचा. तो आवाज मी कोणाला करून दाखवू शकणार नाही.

मायने एक दिवस माझा हात धरून बसवलं. ती सहसा असं करत नाही. म्हणाली, "त्याले एक गोष्ट सांग. सांग का बाबूजी, हे पैसे तुमचेच आहेत. शेत तुमचंच होतं, त्याच्यावरच हे घर उभं आहे. तुमी माया जिवावर नाही जगून राहिले, मीच तुमच्या छपराखाली राहतो. एकदा म्हण. जीव निवन त्याचा."

मी म्हणालो, "सांगतो."

माझ्या मनात होतं. मी दोनदा त्यांच्या खाटेशी जाऊन बसलो. एकदा शेजारी बायको बसली होती म्हणून राहिलं. एकदा नुकतंच त्यांच्या डायपरच्या खर्चावरून माझं डोकं तापलं होतं, आणि तशा तोंडाने ते बोलणं मला खोटं वाटलं. मग वाटलं, रविवारी बोलू, निवांत. आणि दुसरंही एक होतं, ते लपवत नाही. तोंडाने एकदा म्हटलं असतं की ते खरं झालं असतं. आठ वर्षं मी त्या घराला माझं घर म्हणत होतो. चौकात, दुकानात, सासरी, सगळीकडे मी म्हाताऱ्या आईबापाला सांभाळणारा मुलगा होतो. लोक माझं कौतुक करायचे आणि ते मला आवडायचं. ते सोडायला मला आणखी थोडा वेळ हवा होता.

असे बरेच रविवार गेले. मायने पुन्हा विचारलं नाही. बाबूजी थंडीत, सकाळी, माय चूल पेटवत असताना गेले. बहात्तर वर्षांचे होऊन. तेरवी मी साधी केली नाही, पाचशे पान उठलं, लोक म्हणाले मुलाने बापाचं सार्थक केलं.

त्यांची वाचा गेली होती आणि हात गेला होता. कान चांगले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की त्यांच्याशी बोलत राहा, त्यांना सगळं ऐकू येतं आणि सगळं कळतं. ते शेवटपर्यंत तसंच होतं.